वाळवणात राहिलेला खेळ

हेमाताई,

साहेबांनी आज पुन्हा विचारलं. "खाडीच्या खेळाचं काय करायचं, संगीता? छापायचा की ठेवायचा?" मी म्हटलं, सांगते. ते दारातच घोटाळले आणि तुझ्या खुर्चीकडे न बघता म्हणाले, "नियमाचं पान सोमवारी दे. नाहीतर या वर्षीच्या यादीतून काढावा लागेल." तू असतीस तर म्हणाली असतीस, "साहेब, खुर्चीकडे बघून बोला. ती चावत नाही."

तुझं तेरावं परवाच झालं. सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलतायत. किती मनमिळाऊ होती म्हणे. मला हसू आलं आणि मग तोंड धुवायला जावं लागलं. तू मनमिळाऊ नव्हतीस, ताई. तू भांडकुदळ होतीस, आणि मला तसलं माणूस पुन्हा मिळायचं नाही. म्हणून मी हे जे लिहितेय त्यात तुझी स्तुती शोधू नकोस. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. सोमवारच्या आत मला ते एकटीने मिटवायचं आहे, आणि ते कसं मिटवतात ते मला ठाऊक नाही.

भांडण तुला सांगायला नको, पण लिहिते, म्हणजे माझंही डोकं ताळ्यावर राहील. एक लाकडी पाट. त्याच्या एका टोकाला खाडीचं तोंड, दुसऱ्या टोकाला धक्का. मासे घेऊन धक्क्याकडे परतणाऱ्या चार होड्या. पाटावर सरकणारा निळा पारदर्शक पडदा म्हणजे पाणी. ओहोटीला पडदा मागे जातो, आणि त्याच्या बाहेर राहिलेली होडी चिखलात अडकते. मग भरतीची वाट बघायची. सगळं ठरलं होतं, एक सोडून. जिंकायचं कोणी? तू म्हणायचीस, शेवटची होडी धक्क्याला लागेपर्यंत कोणी जिंकत नाही, आणि लागली की सगळेच जिंकतात. मी म्हणायचे, पहिली येईल ती जिंकते. मुलं खेळतात ती जिंकायला.

आता तुझा नियम घ्यावा, तर तो मला पटला म्हणून नाही, तू गेलीस म्हणून घेतल्यासारखं होईल. माझा घ्यावा, तर समोर कोणी उरलं नाही म्हणून मी जिंकल्यासारखं होईल. यातलं कोणतं जास्त वाईट, सांग.

मी वागळे इस्टेटमधल्या आपल्या खेळण्यांच्या कारखान्यात आले ती कागद सांभाळायला, आठवतं? खाली लाकूड कापायची यंत्रं, वर पोटमाळ्यावर तू, तुझे रंग, आणि बालवाडीच्या तक्त्यांचे गठ्ठे. आमच्या घरात पदवीधर झालेली मी पहिली. वडील करमाळ्यात सायकली दुरुस्त करायचे. माझ्या गुणपत्रिकेची झेरॉक्स त्यांनी दुकानात लावली होती, पंक्चरच्या दरफलकाच्या शेजारी. हवा भरायला आलेल्या माणसाला ती वाचल्याशिवाय जाता यायचं नाही. पण ते गुण पाठांतराचे होते. अपेक्षित प्रश्नांचा संच घ्यायचा, उत्तरं घोकायची, विचारलं तेवढं लिहून यायचं. "तुला काय वाटतं?" असं मला शाळेत कोणी विचारलं नव्हतं. कॉलेजातही नाही. विचारलं असतं तर मी घाबरून पान नंबर विचारला असता.

साहेबांनी ते कामांचं ॲप घेतलं ते पुठ्ठा आला का, रंग आले का, कोणाचं काम कुठे अडलं हे बघायला. माझं काम म्हणजे प्रत्येकाच्या नावावर काम टाकायचं, तारीख टाकायची, आणि तारीख उलटली की त्याला आठवण करायची. तारीख उलटलेलं काम लाल व्हायचं. मला ते फार आवडायचं. सगळं कसं आखीवरेखीव. तू मात्र जिना चढून आलीस की पहिल्यांदा माझ्यावर ओरडायचीस. "संगे, सकाळी सकाळी काय रक्त दाखवतेस? जरा चहा तरी पिऊ दे."

मग एक दिवस त्याच ॲपमध्ये एक नवीन फळा दिसायला लागला. त्यात तीन रकाने. टोपली. वाळवण. बाजार.

साहेब वर आले. "हेमा, मासळीचा धंदा काढलास काय?"

"धंदा आमचा जुनाच आहे साहेब. इथे मी पाहुणी म्हणून बसलेय."

"अगं, पण हे काय आहे?"

"डोक्यात येतं ते ठेवायला जागा. कामांना तुम्ही एवढं मोठं घर बांधलंत, सुचलेल्या गोष्टींनी काय रस्त्यावर झोपायचं?"

साहेब हसले आणि खाली गेले. मी हसले नाही, कारण तुझा फळा मला कळलाच नव्हता. मग तू मला शेजारी बसवून समजावलंस. टोपलीत काहीही टाकायचं. निवडत बसायचं नाही. जाळ्यात कचरापण येतो, खेकडेपण येतात, काठावर आल्यावर बघू. त्यातलं ज्यात काही आहे असं वाटेल ते वाळवणात पसरायचं आणि रोज उलटायचं. "न उलटलं की कुजतं, लक्षात ठेव." आणि पुरतं वाळलं की बाजारात, म्हणजे खाली यंत्रांकडे.

वाळवण म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आमच्या घराच्या धाब्यावरच्या कुरडया आल्या. तुझ्या डोळ्यांपुढे कोलशेतच्या तुमच्या कोळीवाड्यातल्या अंगणातले बोंबील. मी नाक मुरडलं तशी तू म्हणालीस, "तुमच्या वाळवणाला वास नाही, म्हणून त्याला मांजर येत नाही. ज्या वाळवणाला मांजर येत नाही त्यात दम नाही, गो." तिथूनच आपला तो कायदा निघाला. सुचलेलं मांडणाऱ्याने शेवटी 'बोल' लिहायचं, आणि दुसरीने त्याच्याखाली हरकत घ्यायचीच. छान, मस्त, वा असलं काही लिहायला बंदी. हरकत आली नाही तर ती गोष्ट पुढे जाणार नाही. हरकतीचं उत्तर मिळाल्याशिवाय पूर्ण झाल्याची खूण करायची नाही. दुसऱ्या कोणत्या ऑफिसात असा कायदा असेल असं वाटत नाही.

माझ्याकडून टोपलीत कितीतरी दिवस काही पडलंच नाही. तू टोकत होतीस. शेवटी चिडून मी लिहिलं, 'मला काही सुचत नाही. बोल.' मला वाटलं, आता तू नाद सोडशील. तुझी हरकत आली: 'खोटं. काल डबा खाताना म्हणालीस, गावाकडच्या पोरांनी जहाज बघितलेलं नसतं आणि जातं पण आता बघितलेलं नसतं, मग ज कशाचा? हे सुचणं नाही तर काय अजीर्ण आहे?'

मी ते वाक्य दोनदा वाचलं. मी बोलले होते खरं. पण ते आपण बोललो आणि विरून गेलं असंच मी धरून चालले होते. माझं बोलणं कोणी टोपलीत उचलून ठेवेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. त्यातूनच तो रिकाम्या चौकोनांचा तक्ता झाला. अक्षर आपण छापायचं, चित्र ज्याने त्याने आपल्या घरातलं शोधून चिकटवायचं. तक्ता छापून झाल्यावर मी तो करमाळ्याला घेऊन गेले. वडिलांनी उलटसुलट करून बघितला.

"हे तू केलंस?"

"हो."

"आणि चित्रं कुठायत?"

"चित्रं मुलं लावणार, दादा."

"मग तू काय केलंस?"

हे तुला सांगितल्यावर तू रंगाचा ब्रश खाली ठेवून हसत बसलीस. "पक्के हरकतवाले आहेत. त्यांना ॲपमध्ये घे." पुढे कितीतरी दिवस काही अडलं की म्हणायचीस, करमाळ्याला फोन लाव.

याबद्दल मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. आमच्याकडे घरच्या माणसाला थँक्यू म्हणायची पद्धत नाही, आणि तू घरची कधी झालीस ते मला कळलं नाही. पण म्हणायला हवं होतं. पदवी मला विद्यापीठाने दिली. ती डोक्यात ठेवून तिचं काय करायचं असतं, ते तू शिकवलंस.

खाडीच्या खेळाची पहिली नोंद मी आजही उघडून बघते. एक फोटो. ओहोटीला उघडा पडलेला काळा चिखल, त्यात तिरकी झालेली एक होडी. खाली तू एवढंच लिहिलंस: 'चिखल. बोल.'

मी हरकत घेतली, 'चिखलाचं काय?'

'होडी अडकते.'

'मग माणसं काय करतात?'

'बसतात. तंबाखू मळतात. भरतीची वाट बघतात.'

'यात खेळ कुठे आहे?'

आणि तू लिहिलंस, 'वाट बघण्यात.'

त्यानंतर महिनोन्‌महिने आपण ते वाळवण उलटत राहिलो. मी म्हटलं, पाणी फाशाने ठरवू. तू म्हणालीस, अजिबात नाही, फासा होडी चालवेल, पाणी नाही. पाणी आपल्या वेळेला येतं, आपल्या वेळेला जातं, पोरांना एवढं एक तरी कळू दे. मी विचारलं, मग सगळ्यात जास्त कुठे अडकतात? तू म्हणालीस, घराजवळ. पाणी आधी तिथलंच जातं. म्हणून आपण धक्क्याच्या बाजूचा पाट आधी उघडा पडेल असा पडदा केला. ज्यांना वाटतं आपण पोचलोच, तेच अडकतात. किती साधी गोष्ट, आणि मला खाडीच्या तीरावर तुझ्याबरोबर उभं राहिल्याशिवाय कळली नव्हती.

एका रविवारी दुपारी मी कोपरच्या माझ्या घरून कोलशेतला तुझ्याकडे आले होते. अंगणात दोरीवर बोंबील, खाली काठी घेऊन बसलेली तुझी आय, आणि ओट्यावर आपला पाट. आपण दोघी वाकून होड्या सरकवत होतो आणि भांडत होतो. आय बराच वेळ बघत होती.

"गो पोरींनो, ह्यो खेल हाय का कज्जा?"

"खेळ आहे आय," तू म्हणालीस. "हिला जिंकायचंय, म्हणून कज्जा झालाय."

"मला नाही जिंकायचं, मुलांना जिंकायचं असतं," मी म्हटलं. "आय, तुम्ही सांगा, पहिली होडी आली की तिला चांगला भाव मिळतो की नाही?"

"मिलतो ना."

"बघ!" मी म्हटलं.

"आय, आणि एक होडी आली नाही तर बाकीच्या घरात चूल पेटते काय?" तू विचारलंस.

आय म्हणाली, "कशी पेटंल?" मग आपल्या दोघींकडे बघून तिने काठी आपटली. "तुमी माझ्या तोंडून एकमेकीला मारताव काय? ते बघा, मांजर आला." आणि खरंच मांजर एक बोंबील घेऊन पळालं. तू ओरडलीस, "बघ, हरकत आली!"

तेव्हा किती हसलो आपण. आता मला त्या दुपारचं वेगळंच काहीतरी टोचतं. पाट तयार होता, ताई. होड्या तयार होत्या. त्याच अंगणाच्या पलीकडे तुमच्या आळीतली मुलं चेंडू खेळत होती. एक हाक मारायची खोटी होती. आपण मारली नाही.

का मारली नाही, त्याची कारणं आपल्या दोघींकडेही होती. तुला होड्यांचा हिरवा पटत नव्हता. तू त्या खरवडून पुन्हा रंगवल्यास, मग म्हणालीस हाही खाडीचा नाही, बागेचा आहे. मी खेळाच्या पोटात छोटी छोटी कामं पाडत गेले. पडदा सरकतो का तपासणे. फाशाचा आकार ठरवणे. खोक्याची मापं. नियमाचं पान, मसुदा. नियमाचं पान, दुसरा मसुदा. एक काम पुरं झालं की मला बरं वाटायचं, आणि बरं वाटावं म्हणून मी आणखी दोन काढायचे. तू एकदा म्हणालीसही, "फळ्या मोजत बसलीयेस. होडी पाण्यात घाल की." मी म्हटलं, "आणि तू रंग देत बसलीयेस, तो वाळल्याशिवाय घालू कशी?" दोघींचंही खरं होतं. दोघींनाही मुरवत बसण्यात इतकी मजा येत होती की बाजाराला जायची घाईच नव्हती.

तारखेवरून आपलं जुनं भांडण होतंच. मला प्रत्येक नोंदीला तारीख हवी असायची. तू वाळवणात एकही तारीख टाकू दिली नाहीस. "बोंबलाला विचारतेस काय, कधी वाळशील म्हणून?" मी म्हणायचे, "ताई, तारीख नसली की राहून जातं." तू म्हणायचीस, "राहू दे की. कुठे जातंय?"

ते कुठेही गेलं नाही. तिथेच आहे.

शेवटच्या आठवड्यात मात्र तुला कशी कोण जाणे घाई झाली होती. तुला काही कळलं होतं असं मी म्हणणार नाही. तू असल्या गोष्टींना हसली असतीस. बहुतेक हिरवा रंग जमला होता, एवढंच. 'जिंकायचं कोणी?' या नोंदीवर तू पूर्ण झाल्याची खूण केलीस. मी बघितलं, हरकतीला उत्तर नाही आणि खूण झालेली. मी ती काढून टाकली. थोड्या वेळाने तुझी खूण पुन्हा. मी पुन्हा काढली. खाली यंत्रं चालली होती, तू तुझ्या टेबलाशी, मी माझ्या, मध्ये दहा पावलं नाहीत, आणि आपण ॲपमध्ये मारामारी करतोय. दोघीही मान वर करत नव्हतो. शेवटी तू लिहिलंस, 'संगे, आधी पोरांना खेळू दे. मग ठरव.'

मी लिहिलं, 'नियमाशिवाय खेळणार काय? बोल.'

तू वर बघितलंस, चष्मा डोक्यावर ढकललास आणि म्हणालीस, "उद्या बोलते. आता डोळे दुखतायत." पिशवी घेतलीस आणि गेलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवायला उठलीस आणि ओट्यापाशीच खाली बसलीस, असं तुझ्या भावाने फोनवर सांगितलं.

त्या 'बोल'खाली अजून काही नाही.

मी कोलशेतला आले तेव्हा आयने मला शेजारी ओढलं. माझा हात धरून बसली होती. मग एकदम म्हणाली, "तुमचा त्यो खेल झाला का गो?"

"नाही, आय."

"मंग?"

तिने माझा हात सोडला नाही.

कारखान्यात सगळ्यांचं एकच. ताईंचाच नियम ठेव, तेवढीच श्रद्धांजली. पॅकिंगच्या शोभाताई तर म्हणाल्या, "अगं, गेलेल्या माणसाचं ऐकावं." मी त्यांच्यावर खेकसले. नंतर माफी मागितली, पण मनातून अजून तेच म्हणणं आहे. जिवंतपणी तुझं म्हणणं मी एकदाही न भांडता ऐकलं नाही. तू गेल्यावर निमूट ऐकलं तर तो तुझा मान नाही, तुला दुसऱ्यांदा पोचवणं आहे. आणि दोन्ही नियम छापू, ज्याला जो आवडेल तो त्याने घ्यावा, असंही मनात आलं. मग तुझा आवाज ऐकू आला: "म्हणजे आपण ठरवलंच नाही, असं छापायचं?"

म्हणून इथवर लिहून हे पत्र बाजूला ठेवलं, आणि काल मी तुझं दुसरं म्हणणं ऐकलं, आधी पोरांना खेळू दे हे. पाट घेऊन घरी आले आणि कोपरच्या आमच्या इमारतीत, जिन्यापुढच्या मोकळ्या जागेत मांडला. खोकं नाही, छापलेलं पान नाही. दोन होड्यांचा रंग बोटाला लागत होता. शेजारच्या आर्याला हाक मारली, ती तिच्या तीन भिडूंना घेऊन आली. सगळ्यात धाकटी चिऊ, आर्याची बहीण.

आधी माझा नियम. पहिला येईल तो जिंकला. मुलांना पाच मिनिटांत कळलं. आर्याची होडी भरतीबरोबर सुळकन धक्क्याला गेली. "जिंकले!" ती उठून पाणी प्यायला गेली. उरलेल्यांनी एकमेकांकडे बघितलं, फासा टाकून दिला. चिऊची होडी चिखलात होती, ती तशीच तिथे. चिऊ म्हणाली, "माझा टर्न?" तोवर बाकीचे उठले होते. तुझी हरकत बरोबर होती, ताई.

मग तुझा नियम. सगळे पोचले की सगळे जिंकले. सुरुवातीला बरं चाललं. मग चिऊ दुसऱ्यांदा अडकली तसा त्यांच्यातला अथर्व वैतागला. "ए, ही मुद्दाम अडकतेय! हिच्यामुळे आपण सगळे बसलोय." चिऊ रडकुंडीला आली. कसेबसे सगळे पोचले. मी म्हटलं, "शाब्बास, जिंकलात सगळे!" अथर्व माझ्याकडे बघून म्हणाला, "हां काकी, पण जिंकलं कोण?" माझीही हरकत बरोबर होती. मला त्याचा आनंद झाला नाही. तुझ्याकडे वळून 'बघ' म्हणता आलं नाही, त्या 'बघ'चं मी काय करू?

पाट उचलायला लागले तर आर्या म्हणाली, "थांब ना काकी, अजून एक." तिसऱ्यांदा मी काही नियम सांगितलाच नाही. कंटाळले होते, खरं सांगायचं तर. जिन्यावर बसून नुसती बघत होते. आर्याच पुन्हा पहिली पोचली. पण या वेळेला फासा तिच्या हातात होता आणि तिला तो सोडायचा नव्हता. "मी जिंकलेय, पण मी खेळणार."

"तुझी होडी तर पोचली ना!" अथर्व म्हणाला.

"मग मी चिऊला देते माझा. चिऊ, हा तुझा. दोर टाकला मी." तिने फासा टाकला, चिखलातली चिऊची होडी उचलून चार घरं पुढे ठेवली.

"ए, चीटिंग! ती चिखलात आहे!"

"दोर टाकला ना मग! दोराला चिखल काय करतो?"

यावर भांडण झालं. खूप मोठं, छान भांडण. मग ठरलं की जो पोचला तोच दोर टाकू शकतो, बाकीचे नाही. मग सगळे पोचायची घाई करायला लागले, जिंकायला नाही, दोर टाकायला मिळावा म्हणून. दुसरा पोचलेला अथर्व ओरडत होता, "चिऊ, आता माझा दोर घे, आर्याचा घेऊ नको!" चिऊला दोघांचेही दोर नको होते. तिला आपलं आपण यायचं होतं. ती भरतीची वाट बघत बसून राहिली, ताई. हनुवटी गुडघ्यावर ठेवून, पडद्याकडे डोळे लावून. तू म्हणालेलीस ना, खेळ कुठे आहे ते. मी ते त्या क्षणी बघितलं आणि ते बघायला तू नव्हतीस.

एक हाक मारायची होती त्या दुपारी. चेंडू खेळणारी मुलं होती, तू होतीस, पाट होता.

रात्रभर काही झालं नाही, मी शांत झोपले, हेही तुला सांगते. आज सकाळी कारखान्यात आल्यावर वाळवणातली ती नोंद उघडली. माझ्याच 'बोल'च्या खाली, तुझ्या उत्तराची वाट न बघता, पहिल्यांदाच मी दुसरं काही लिहिलं. पहिली पोचेल ती होडी पहिली. पण खेळ शेवटची होडी लागेपर्यंत चालू राहील, आणि तोवर पोचलेल्यांनी धक्क्यावर थांबायचं. आपल्या पाळीचा फासा अडकलेल्या होडीसाठी टाकायचा, त्याला दोर म्हणायचं. दोर घ्यायचा की नाही, ते अडकलेलीने ठरवायचं. पहिलीचं नाव शेवटची आल्यावरच घ्यायचं.

हा तुझा नियम नाही. माझाही नाही. तू आहेस यात कुठेतरी, पण मी तुला मुद्दाम घातलेलं नाही. तू शिरलीस.

सोमवारी हे पान मी साहेबांना देईन. खेळ बाजारात जाईल. पहिला पाट मी कोलशेतला घेऊन जाईन, आयच्या ओट्यावर ठेवीन आणि पलीकडच्या मुलांना हाक मारीन. वाळवणातल्या नोंदीवर मात्र पूर्ण झाल्याची खूण मी करणार नाही. कायदा तुझाच आहे. हरकत आल्याशिवाय आपल्यात काही पुरं होत नाही.

या नियमात काहीतरी खोट असणारच. मी संध्याकाळपर्यंत शोधली, मला सापडत नाही. तुला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर सापडली असती.

बोल, ताई.